वकिलीच्या उंबरठ्यावरची नीतीची परीक्षा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण ज्याला त्याच पायरीवर उभे राहून संसार चालवायचा आहे, त्याने काय करावे? त्याने कायदा शिकावा, पदवी घ्यावी आणि सनद मिळवावी, हे आपल्याला ठाऊकच आहे. अमेरिकेत मात्र ह्या वाटेवर आणखी एक नाका बसविलेला आहे. तेथील बहुतेक सर्व राज्यांत वकील होऊ इच्छिणाऱ्याला कायद्याच्या मोठ्या परीक्षेखेरीज वकिली नीतिनियमांची एक स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. तिचे पुरे नाव मल्टिस्टेट प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटी एग्झामिनेशन. एवढे लांबलचक नाव तेथेही कोणी उच्चारीत नाही. सगळे एम्. पी. आर्. ई. म्हणतात, आपणही तसेच म्हणू.

तुम्ही विचाराल, अमेरिकेतल्या वकिलांच्या परीक्षेशी आपला संबंध काय? संबंध असा, की पुणे, मुंबई, नागपूर येथून कायद्याची पदवी घेतलेली मुले-मुली वर्षभराच्या एल्एल्. एम्. साठी तिकडे जातात आणि त्यांतली काही न्यूयॉर्कसारख्या राज्यात वकिलीची परीक्षाही देतात. मग एखाद्या रात्री घरी फोन येतो, की अजून एक परीक्षा राहिली आहे. आई विचारते, "अगं, आता ही कसली परीक्षा?" मुलगी सांगते, "नीतीची." त्यावर वडील हसतात. वकिलाच्या नीतीची परीक्षा म्हटल्यावर आपल्याकडे कोणालाही हसूच येईल. पण ह्या परीक्षेच्या मुळाशी जी हकीगत आहे ती हसण्यासारखी नाही.

१७ जून १९७२ च्या रात्री वॉशिंग्टनमधील वॉटरगेट नावाच्या इमारतीत काही माणसे चोरून शिरली आणि पकडली गेली. तेथे विरोधी पक्षाची कचेरी होती. प्रकरण दडपण्याचे प्रयत्न झाले आणि धागे थेट अध्यक्षांच्या निवासापर्यंत जाऊन पोहोचले. १९७३ च्या जूनमध्ये अध्यक्ष निक्सन यांचे कायदेसल्लागार जॉन डीन यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. ह्या भानगडीत कोण कोण अडकले असावेत त्याची एक यादी त्यांनी केली होती, आणि यादीतील काही नावांपुढे खूण केली होती. ती खूण कशाची, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, की हे सारे वकील आहेत. खुणा इतक्या होत्या की सांगणाऱ्यालाच त्याचे आश्चर्य वाटले होते. डीन स्वतः वकील, माजी महान्यायवादी जॉन मिचेल वकील, आणि निक्सनही वकीलच. ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन पायउतार झाले, आणि १९७६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्यांची वकिली काढून घेतली.

ज्यांनी कायदा राखायचा तेच कायदा मोडीत होते, ही गोष्ट त्या देशाला फार झोंबली. १९७४ मध्येच अमेरिकन बार असोसिएशनने आपली मान्यता असलेल्या सर्व विधिमहाविद्यालयांना वकिली नीतिनियमांचे शिक्षण सक्तीचे केले. पुढे १९८० पासून ही स्वतंत्र परीक्षा सुरू झाली. ती नॅशनल कॉन्फरन्स ऑफ बार एग्झामिनर्स ही संस्था घेते. १९८३ मध्ये असोसिएशनने आदर्श नियमांची संहिता तयार केली, आणि परीक्षेतील प्रश्न मुख्यतः तिच्यावर आणि न्यायाधीशांच्या आचारसंहितेवर बेतलेले असतात.

पण नीतीची परीक्षा घेता येते का? मला स्वतःला वाटते, की नीतीची येत नाही, नियमांची येते. प्रामाणिक माणूस ह्या परीक्षेत नापास होऊ शकतो आणि लबाड माणूस उत्तम गुण मिळवू शकतो. तरीही ती असावी, कारण वकिलाच्या धंद्यात पुष्कळदा आपले साधे मन एक सांगते आणि नियम दुसरे सांगतो. एक उदाहरण सांगतो. ते थोडे भयंकर आहे, पण सांगितल्याशिवाय मुद्दा कळणार नाही.

१९७३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात एका तरुणाचा खून झाला. रॉबर्ट गॅरो नावाच्या इसमाला पकडण्यात आले. फ्रँक आर्मानी आणि फ्रान्सिस बेल्ज हे त्याचे वकील. बोलता बोलता गॅरोने वकिलांना सांगून टाकले, की बेपत्ता असलेल्या दोन तरुणींनाही आपणच मारले आहे. प्रेते कोठे आहेत तेही त्याने सांगितले. वकिलांनी जाऊन शोध घेतला. प्रेते खरोखरच तेथे होती. त्यांनी छायाचित्रे काढली, परत आले, आणि गप्प राहिले.

पोलिस शोध करीतच होते. त्या दोघींपैकी एकीचे वडील दूरच्या राज्यातून आर्मानींच्या कचेरीत आले. माझ्या मुलीविषयी तुम्हांला काही ठाऊक आहे का, एवढेच ते विचारीत होते. आर्मानींना सारे ठाऊक होते. त्यांनी सांगितले नाही. म्हाताऱ्या बापाला तसेच परत पाठविताना त्या माणसाच्या मनाचे काय झाले असेल, त्याची कल्पना तुम्हीच करा. महिन्यांमागून महिने गेले. जून १९७४ मध्ये खटल्यात गॅरोने स्वतःच साक्षीच्या पिंजऱ्यात हे खून कबूल केले, तेव्हा वकिलांना आधीपासून माहिती होती हे उघड झाले आणि लोक खवळले. धमक्या आल्या, अशिलांनी पाठ फिरविली. बेल्ज यांच्यावर तर प्रेतांची माहिती दिली नाही म्हणून सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली आरोप ठेवण्यात आला. १९७५ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला.

आता सांगा, वकिलांनी योग्य केले की अयोग्य? तुमचे मन ताबडतोब म्हणेल, अयोग्य! बापाला सांगायला हवे होते. पण आदर्श नियम असे सांगतो, की अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने बाहेर फोडू नये. पुढे कोणाचा तरी मृत्यू किंवा गंभीर इजा जवळजवळ निश्चित ओढवणार असेल, तर ती टाळण्यापुरते बोलण्याची मुभा आहे. त्या दोघी तर आधीच मेलेल्या होत्या. वाचविण्यासारखे कोणी उरले नव्हते. म्हणून नियमाप्रमाणे वकिलांनी गप्प राहणेच प्राप्त होते. आपल्याकडेही हे तत्त्व परके नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ते होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. तुरुंगातला माणूस निदान एका माणसाशी तरी निर्भयपणे बोलू शकला पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार. तो पटो वा न पटो, वकिलाला तो माहीत असला पाहिजे, आणि माहीत आहे की नाही हे ही परीक्षा पाहते.

परीक्षेचे स्वरूप साधे आहे. साठ प्रश्न, दोन तास, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटे. प्रत्येक प्रश्नात एक लहानशी हकीगत आणि खाली चार उत्तरे. साठांपैकी पन्नासांचेच गुण धरतात. उरलेले दहा पुढील परीक्षांसाठी अजमावून पाहण्याचे असतात. पण ते दहा कोणते, हे परीक्षार्थ्याला कळत नाही, म्हणून सगळेच मन लावून सोडवावे लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापीत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. सर्वांत जास्त प्रश्न हितसंबंधांच्या संघर्षावर असतात, म्हणजे एकाच वकिलाने दोन्ही डगरींवर हात ठेवण्यावर. त्याखालोखाल वकील-अशील संबंध आणि कोर्टातील वर्तन. अशिलाचे पैसे आपल्या पैशांत मिसळू नयेत, त्यांचे खाते निराळे ठेवावे, ह्यावर प्रश्न थोडे असतात, पण धंद्यात वकील बुडतात ते पुष्कळदा ह्याच खड्ड्यात.

प्रश्नाच्या शेवटचे शब्द मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावेत. 'वकील शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र आहे काय?' हा एक प्रश्न. 'वकिलाने असे करणे भाग आहे काय?' हा दुसरा. आणि 'वकिलाला असे करता येईल काय?' हा तिसराच. हकीगत तीच राहून उत्तर बदलते. घाईघाईने वाचणारा विद्यार्थी येथेच घसरतो.

आपल्याकडून गेलेल्या मुलांना आणखी एक अडचण येते, आणि ती हुशार मुलांना जास्त येते. त्यांनी आपले नियम नीट शिकलेले असतात! आपल्याकडे वकिलाने जाहिरात करायची नाही, काम मागत फिरायचे नाही. मुंबईच्या फौजदारी कोर्टांच्या आवारात पक्षकारांवर अक्षरशः झडप घालून कामे मिळविणाऱ्या वकिलांचे प्रकरण महाराष्ट्राच्या वकील परिषदेने १९७५ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले होते. अमेरिकेत १९७७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अॅरिझोनातील दोन वकिलांच्या बाजूने निकाल दिला आणि वकिलाच्या जाहिरातीवरील सरसकट बंदी उठली. आज तेथे हमरस्त्यावर वकिलांचे फलक असतात. तरीपण इस्पितळात जाऊन अनोळखी जखमी माणसाकडे समक्ष काम मागणे तेथेही निषिद्धच. फीचेही तसेच. खटला जिंकला तर मिळालेल्या रकमेतला वाटा घेणे आपल्याकडे गैरवर्तन ठरते. तिकडे ते चालते. मात्र करार लेखी हवा, आणि घटस्फोट मिळण्यावर अवलंबून असलेली फी किंवा फौजदारी बचावात निकालावर ठरणारी फी चालत नाही. तेव्हा ह्या परीक्षेपुरते आपले घरचे ज्ञान थोडे बाजूला ठेवावे लागते.

आता नोंदणीकडे वळू. परीक्षा वर्षातून तीनदा होते: मार्च, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. दर वेळी तिच्यासाठी ठराविक दिवस असतात, आणि ती नेमलेल्या केंद्रांत संगणकावर द्यावी लागते. नोंदणीची मुदत बरीच आधी, दीड-दोन महिने अगोदर संपते. एल्एल्. एम्. चा विद्यार्थी ऑगस्टमध्ये तिकडे पोहोचतो आणि वकिलीची मोठी परीक्षा पुढील जुलैच्या अखेरीस देतो. मग सोयीचा हंगाम कोणता? ऑगस्टची परीक्षा मोठ्या परीक्षेनंतर दोनेक आठवड्यांतच येते. अंगातले त्राण गेलेले असते, शिवाय तिची मुदत मोठ्या परीक्षेच्या अभ्यासाच्या ऐन गडबडीत संपते. म्हणून नोव्हेंबर किंवा मार्च बरा. त्यांतही वकिली नीतिनियमांचा वर्ग ज्या सत्रात घेतला असेल त्याच्या लगतची परीक्षा द्यावी, म्हणजे वाचलेले ताजे असते.

नोंदणीचे पहिले पाऊल म्हणजे परीक्षासंस्थेच्या संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडणे. तेथे एक क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा. पुढे मोठ्या परीक्षेलाही तोच लागतो. आणि येथेच आपल्या मराठी माणसांची पहिली गफलत होते ती नावात.

आपली नावाची रीत म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आणि आडनाव. पासपोर्टात पुष्कळदा स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात छापलेले असते. महाविद्यालयाच्या दाखल्यावर फक्त आद्याक्षर असते. लग्न झालेल्या मुलीची पदवी माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा. मुलगी खाते उघडताना घाईत जे सुचेल ते नाव घालते. परीक्षेच्या दिवशी केंद्रावरचा कर्मचारी ओळखपत्र हातात घेऊन पडद्यावरच्या नावाशी ताडून पाहतो. जुळले नाही तर तो आत सोडीत नाही, आणि त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नसतो. त्याला आपल्या वडिलांचे नाव मध्ये का येते हे समजावून सांगण्याची ती वेळ नव्हे. म्हणून जे ओळखपत्र केंद्रावर दाखवायचे ते आधी समोर ठेवावे, आणि त्यावर जसे आहे तसेच नाव खात्यात लिहावे. ओळखपत्र छायाचित्राचे, सरकारी आणि मुदत न संपलेले असावे. मोबाइलमधले चित्र चालत नाही. नावात बदल करायचा असेल तर तो परीक्षेच्या पुष्कळ आधी करून घ्यावा.

दुसरी गफलत तारखेची. अमेरिकेत आधी महिना लिहितात आणि मग दिवस. आपण ६-८ म्हटले म्हणजे सहा ऑगस्ट. त्यांच्या लेखी ती आठ जून होते. मुदतीच्या तारखा वाचताना महिना अक्षरांनी लिहून घ्यावा, फसगत होणार नाही. तसेच तेथील घड्याळे देशभर एक नाहीत. मुदत कोणत्या भागाच्या वेळेप्रमाणे संपते तेही पाहावे.

कोणाला दृष्टीचा, हाताचा किंवा आजाराचा त्रास असेल आणि जादा वेळ किंवा अन्य सवलत हवी असेल, तर तिचा अर्ज आधी करावा लागतो. सोबत डॉक्टरांचे कागद लागतात, आणि ते तपासायला वेळ जातो. ज्याला ही गरज आहे त्याने इतरांपेक्षा निदान दोन महिने आधी कामाला लागावे. आपल्याकडची मुले सवलत मागायला संकोचतात. संकोचण्याचे काही कारण नाही.

मग फी भरायची, आणि केंद्र व वेळ निश्चित करायची. फीचा आकडा मी येथे मुद्दामच देत नाही. तो वाढत असतो आणि छापील आकड्यावर विसंबून कोणी फसू नये. केंद्रांतील जागा जो आधी येईल त्याला मिळते. फी भरून स्वस्थ बसलेला विद्यार्थी महिन्याने पाहतो, तर गावातले केंद्र भरलेले आणि रिकामी जागा दोनशे मैलांवर. तेव्हा फी भरली त्याच बैठकीत जागाही पक्की करावी. आपले गुण कोणत्या राज्याकडे पाठवायचे तेही सांगावे लागते. पुढे दुसऱ्या राज्याकडे पाठवायचे झाल्यास वेगळा अर्ज आणि वेगळे पैसे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. ह्या परीक्षेची नोंदणी म्हणजे वकिलीचा अर्ज नव्हे. वकिलीसाठी राज्याकडे निराळा अर्ज करावा लागतो, आणि त्यात उमेदवाराच्या चारित्र्याची कसून चौकशी होते. पूर्वी कोठे राहिलात, कोठे नोकरी केली, कधी कोर्टकचेरी झाली का, महाविद्यालयात कधी शिस्तभंगाची कारवाई झाली का, कर्ज थकले आहे का, असे प्रश्न असतात. आपल्याकडचा माणूस येथे विचार करतो, की पाच वर्षांपूर्वीची वसतिगृहातली ती बारीकशी भानगड, दंड भरून मिटलेली, आता तिकडे कोणाला कळणार? मित्रही सांगतात, "अरे, लिहू नकोस." हा सल्ला फार वाईट आहे. वकिलीच्या अर्जात जाणूनबुजून खोटे लिहू नये आणि आवश्यक ते लपवू नये, हा स्वतःच त्या आदर्श नियमांतला एक नियम आहे, आणि तो उमेदवारालाही लागू होतो. जुनी चूक सांगितली तर बहुधा एखादे स्पष्टीकरण मागतात. लपविली आणि सापडली, तर चूक लहान असली तरी लपविणे मोठे ठरते. नीतीच्या परीक्षेत शंभरावर गुण मिळविलेल्या माणसाला ह्या चौकशीत अडकलेले पाहणे, ह्याहून विचित्र दृश्य दुसरे नसेल.

परीक्षेच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचावे. घड्याळ, मोबाइल, पाकीट, सारे बाहेर ठेवावे लागते. आत खिसे रिकामे. मग फक्त तुम्ही आणि पडदा.

गुण पाचेक आठवड्यांनी खात्यावर येतात. ते पन्नासपासून दीडशेपर्यंतच्या मापात असतात, शेकड्यात नव्हे. पंच्याऐंशी आले म्हणजे शंभरांत पंच्याऐंशी, असे समजून घरी पेढे वाटू नयेत. किती गुणांना पास, हे प्रत्येक राज्य आपापले ठरविते. राजधानी वॉशिंग्टनला ७५ पुरतात, न्यूयॉर्कला ८५ लागतात, कॅलिफोर्नियाला ८६. म्हणजे चौऱ्याऐंशी गुणांचा माणूस एका ठिकाणी नीतिनियमांत उत्तीर्ण, आणि रेल्वेने काही तासांवरच्या दुसऱ्या शहरात अनुत्तीर्ण! विस्कॉन्सिन राज्याला तर ही परीक्षाच नको असते. न्यू जर्सीला विधिमहाविद्यालयातील त्या विषयाचा वर्ग पार पाडलेला असला तरी चालतो.

आपल्याकडे अशी स्वतंत्र परीक्षा नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली वकिलांच्या वर्तनाचे नियम केलेले आहेत, एल्एल्. बी. ला तो विषय शिकवितात, आणि २०११ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय वकील परीक्षेत त्यावर थोडे प्रश्न असतात. थोडे म्हणजे शंभरांत बोटांवर मोजण्याइतके. ते वाढवावेत की नाही, ह्याविषयी वकीलमंडळींत एकमत होईल अशी चिन्हे नाहीत.

आणि गुण कमी पडले तर? पुढच्या हंगामाला पुन्हा बसता येते. नोंदणी, फी आणि केंद्राची जागा हे सगळे पुन्हा नव्याने करावे लागते. खाते मात्र जुनेच चालते. न्यूयॉर्कमध्ये ही परीक्षा मोठ्या परीक्षेच्या आधी दिली तरी चालते, नंतर दिली तरी चालते. म्हणून एकदा हुकली म्हणून कोणी परतीचे तिकीट काढू नये. किती अवधीत ती पुरी करायची ह्याची मर्यादा पुष्कळ राज्यांनी घातलेली असते. ती त्या राज्याच्या परीक्षामंडळाच्या नियमांत स्वतः वाचून वहीत लिहून ठेवावी, आणि तेथेही महिना अक्षरांनीच लिहावा.